नाक्यावरचा वानवळा

"सोडा गाठोडं. घाई कुणाला हाय?"

हे वाक्य मी पाच वर्षं रोज ऐकलं. पाटोद्याहून जामखेडकडे जाणाऱ्या रस्त्यावर, जिथं मोगलाई संपून इंग्रजी हद्द लागायची, तिथं आमचा नाका होता. येणाऱ्या-जाणाऱ्या मालावर निजाम सरकारची जकात घ्यायची, एवढंच काम. आमचे नाकेदार साहेब लिंबाखाली खुर्ची टाकून बसत. मी त्यांचा कारकून, बाजूला सतरंजीवर वही घेऊन. गाडी थांबली किंवा डोक्यावर पाटी घेतलेली बाई आली, की साहेब दोन बोटं हवेत गाठ सोडल्यासारखी फिरवत आणि हे वाक्य म्हणत.

घाई खरोखरच त्यांना नव्हती. कापडाचे तागे ते दोनदा मोजत. तंबाखूचा वास घेत, मग डोळे मिटून पुन्हा घेत. मध्येच गाडीवानाच्या बैलाच्या खुराची चौकशी करत. तुम्हीही असा एखादा साहेब पाहिला असेल, ज्याच्या संथपणाला हाताखालची माणसं काटेकोरपणा म्हणतात आणि समोर ताटकळणारी माणसं मनातल्या मनात आणखी काही म्हणतात.

पण त्यांचा एक गुण कुणीही नाकारला नसता. पैशाला ते हात लावत नसत. एकदा एका कापडवाल्यानं खुर्चीखाली रुमालात बांधून रुपये ठेवले. साहेबांनी रुमाल उचलला, सगळ्यांच्या देखत त्याच्या हातात दिला, त्याला माठातलं पाणी पाजलं आणि पुरी जकात वसूल केली. हा किस्सा ते स्वतः फारसा सांगत नसत, पण दुसरं कुणी सांगू लागलं की मिशीवरून हात फिरवत शेवटपर्यंत ऐकत. "तीस वर्सं खुर्चीवर बसलो, पर कुनाचं खाल्लं न्हाई," हे मात्र ते आवर्जून म्हणत. त्यांच्याजवळ ना शेती होती, ना घर. एवढं एकच काय ते होतं.

पंचावन्नाव्या वर्षी सरकारनं त्यांना घरी बसवलं. वजीफा म्हणजे पेन्शन बांधून मिळाला, पगाराच्या निम्मा. नाक्यामागची सरकारी खोली सोडून त्यांनी पाटोद्यात दोन खणांचं घर भाड्यानं घेतलं. जाताना मला म्हणाले, "काळजीचं कारन न्हाई. आमचं घर निम्म्या पगारातच चालत होतं. वरचा निम्मा पोरीच्या लग्नाचं देनं फेडन्यात जायचा. आता देनं फिटलं."

हिशोब इतका सरळ होता, की मीही मान डोलावली.

नाक्याचा भरणा घेऊन मी बाजाराच्या दिवशी पाटोद्याच्या तहसिलीत जात असे. पहिल्याच बाजारी साहेब मला माळव्याच्या, म्हणजे भाजीपाल्याच्या, ओळीत भेटले. हातात रिकामी पिशवी आणि चेहरा असा, की वाट चुकून परगावी आलेत. मला बाजूला घेऊन म्हणाले, "अहो, वांग्याला पैसे मागतायत."

"किती?"

"किती म्हंजे? मागतायत!"

मी हसलो. ते हसले नाहीत. तीस वर्षांत त्यांनी वांगं विकत घेतलेलं नव्हतं, हे मला तेव्हा कळलं. खरं सांगायचं तर तेव्हा आठवलं, असं म्हणायला हवं.

नाक्यावर एक रीत होती. भाजीची पाटी जायची, ती मेथीची एक जुडी किंवा दोन वांगी ओट्यावर ठेवून जायची. दूधवाला तांब्याभर दूध, मोळीवाला चार लाकडं. कुणी मागत नसे. साहेब त्याला वानवळा म्हणत. नव्या पिकातलं थोडं आपल्या माणसाच्या घरी मायेनं पोचवायचं, तसा. "लोकांची माया लई हाय," असं म्हणून ते जुडी घरात पाठवत. त्यातली एखादी माझ्याकडेही येई. मीही चवीनं खात असे.

पुढचे दोन महिने साहेबांचा नुसता गोंधळ उडाला. वजीफ्यात घर चालायला हवं होतं आणि चालत नव्हतं. आधी त्यांनी दोष महिन्यांना दिला. वजीफा निजाम सरकारच्या फसली महिन्यानं मिळे आणि किराण्याचा दुकानदार आपल्या चैत्र-वैशाखानं पैसे मागे. सरकारी महिना खुर्दाद अजून संपलेला नाही आणि हा चैत्राचे पैसे कसे मागतो, यावर ते त्याच्याशी भांडून आले. मग निजामाच्या हाली रुपयावर संशय घेतला, मग दुकानदाराच्या मापावर. शेवटी घराचीच झडती घेतली. मी गेलो तेव्हा साहेब जमिनीवर मांडी घालून बसले होते आणि भोवती बायकोची बोचकी, पिठाचा डबा, मिठाचं मडकं सगळं सोडून मांडलेलं. तिखटाची पुडी वासासाठी नाकाशी नेल्यानं डोळ्यांतून पाणी येत होतं.

"कुठंतरी गळतंय," ते म्हणाले. "सापडत न्हाई."

काकू, म्हणजे साहेबांच्या पत्नी, चुलीपुढं बसल्या होत्या. त्यांचा स्वभाव गरीब, पण त्या दिवशी पिठाचा डबा पालथा झालेला त्यांना सोसवला नाही. "अवो, गळत काईच न्हाई," त्या म्हणाल्या. "भाजी, दूध, सरपन आता इकत आनावं लागतंय. तितं फुकट यायचं. मी त्या खर्चाचा दमडाबी कदी धरला न्हाई."

"फुकट न्हवतं ते. वानवळा व्हता."

"मग आता का न्हाई आनून देत कुनी?"

साहेब माझ्याकडे बघत राहिले. मी चहाचा कप उचलला आणि आत काहीतरी पडलंय असं दाखवून त्यात बघू लागलो.

त्यानंतर आठ दिवसांनी ते पायी नाक्यावर आले. आता त्यांच्या खुर्चीवर मी बसत होतो. मी उठलो, पण ते ओट्यावर टेकले. म्हणाले, "लोक मायेनंच द्यायचे ना?"

"तर काय साहेब," मी म्हणालो.

"मग गाव बदललं की माया संपती का?"

मी वहीत डोकं घातलं. मला उत्तर ठाऊक होतं आणि ते माझ्याही पोटात गेलेलं होतं. असल्या वेळी मोठं मन दाखवणारी माणसं असतात म्हणे. माझी त्यांच्यात गणना नाही.

उत्तर त्यांना पुढच्या बाजारी मिळालं. मी शेजारीच उभा होतो. इंग्रजी हद्दीतल्या गावातून एक माळीणबाई दर बाजाराला मेथी घेऊन पाटोद्याला यायच्या. येताना नाका लागायचाच. तीस वर्षांतली निम्मी मेथी त्यांचीच असेल. साहेब त्यांच्यापुढं उकिडवे बसले आणि सरळ विचारलं, "बाई, तू मला दर बाजारी जुडी कावून देत व्हतीस?"

बाई गांगरल्या. माझ्याकडे पाहिलं, मग साहेबांच्या सदऱ्याच्या उसवलेल्या कोपराकडे. "आता तुमी खुर्चीवर न्हाई, म्हनून सांगते," त्या म्हणाल्या. "राग नका मानू. तुमी म्हनायचे, घाई कुनाला हाय. पर मला व्हती की वो घाई! मेथी उनात किती दम धरती? ऊन चढलं की माना टाकती. सुकलेली जुडी कोन घेतंय? एक जुडी ठिवली की तुमी हसायचे. हसले की लौकर सोडायचे."

"मी हसायचो ते... मला वाटायचं..." साहेबांनी एक जुडी उचलून पुन्हा खाली ठेवली. "आगं, मी मुद्दाम न्हाई थांबवलं कुनाला. माझा सोभावच तसा हाय."

"आसंल. आमाला काय म्हाईत?"

बाईंच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. पाऊस पडतो, ऊन पडतं, तशी नाक्यावर जुडी ठेवावी लागते, इतक्या सहज त्या बोलल्या.

साहेबांनी खिशातून होते तेवढे पैसे काढून पुढं केले. बाईंनी हात मागं घेतला. "मला एकलीला दिऊन काय व्हनार? त्या रस्त्यानं का मी एकलीच जात व्हते?"

त्या दिवशी मी त्यांना घरापर्यंत पोचवलं. दारात थांबून ते म्हणाले, "तुमाला ठाऊक व्हतं?"

"होय."

"मग सांगायचं न्हाई का?"

ते रागावले नव्हते. त्यांना खरोखर उत्तर हवं होतं. मी भरण्याची रिकामी पिशवी काखेत मारली आणि नाक्याची वाट धरली.

पुढच्या बाजारापासून साहेब माळीणबाईंच्या ढिगाशेजारी दिसू लागले. अंगात जुना सरकारी कोट, समोर पाण्याची बादली. ओंजळीनं पाणी घेऊन मेथीवर शिंपडायचे, ओलं फडकं घालायचे, सावली सरकली की पाटी सरकवायचे. बाईंनी आधी हात जोडले, मग ओरडून पाहिलं, शेवटी सोडून दिलं. बाजारात लोक हसत. तहसिलीतले ओळखीचे लोक दुसऱ्या ओळीनं जात. काकूंनी मला निरोप धाडला, "त्यांना काईतरी समजवा, लोक येडं म्हनत्यात." मी गेलो. साहेब म्हणाले, "दोन घटका पानी मारलं तर हिरवीगार ऱ्हाती बघा." उन्हानं त्यांची मान काळीठिक्कर पडली होती. घरी जाताना ते एक जुडी घेत आणि तिचे पैसे ढिगावर ठेवत. बाई दोन जुड्या पिशवीत घालू बघत, तेव्हा मात्र तो मऊ माणूस चिडायचा.

त्यांना पाहिलं की मला वाईट वाटायचं आणि त्यांचा रागही यायचा. मी काही खाल्लं नाही, असं म्हणत घरात बसले असते, तर मलाही सुखानं बसता आलं असतं.

वर्ष भरत आलं. वजीफ्यात भाडं झेपेना. नारायणगडाच्या बाजूला लेकीचं गाव होतं, तिनं गाडी पाठवली. साहेबांनी जाताना मला काही सांगितलं नाही. मी बाजाराला गेलो तेव्हा घराला कुलूप होतं आणि माळीणबाई एकट्याच मेथीवर पाणी मारत होत्या.

त्यानंतरच्या बाजारी मी नाक्यावरच होतो. सकाळी माळीणबाई पाटी घेऊन आल्या. मी पाटी खाली उतरवूच दिली नाही. "जा बाई," म्हटलं. त्यांनी सवयीनं एक जुडी काढून ओट्यावर ठेवली.

"नको," मी म्हणालो. "आजपासून काही ठेवायचं नाही."

बाई जागच्या जागी थांबल्या. बाजारात साहेबांशी मोकळेपणानं बोलणारी बाई ती हीच. पण आता मी खुर्चीवर होतो. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं, मग ओट्यावरच्या जुडीकडे, मग वर चढत्या उन्हाकडे.

"कमी पडली का सायेब?" त्यांनी हळूच विचारलं. आणि मी तोंड उघडायच्या आत पाटीतून आणखी दोन जुड्या काढून ओट्यावर ठेवल्या, आणि झपाझप चालू लागल्या.