तांदळातलं नाव

बकुळीचा गजरा जवळून गेला, की मला तांदळाचं ताट दिसतं. बकुळ सुकली तरी वास सोडत नाही, म्हणून आईने माझ्या थोरल्या बहिणीचं नाव बकुळा ठेवलं होतं. लग्नानंतर तिची पाठराखीण म्हणून पोलादपूरहून महाडला मीच गेले. तिथे भावोजींनी ताटातल्या तांदळात अंगठीने तिचं नवं नाव लिहिलं.

"काय लिवलंय गो?" ताईने हळूच विचारलं. तिला वाचता येत नव्हतं.

"शालिनी."

ती ताटाकडे बघत राहिली. "आयेला सांगू नको. तिला नाय सोसायचं."

मी सांगितलं नाही. तेव्हा ते मला शहाणपणाचं वाटलं.

दुसऱ्या वर्षी महाडहून कार्ड आलं. मी आईला वाचून दाखवलं, "बाळंतपणात शालिनी वारली."

तांदूळ पाखडता पाखडता आई थांबली. "अरेरे! कोणाची गो ती?"