नवमीची पेटी

मालक गेल्यानंतरचं ते वर्ष मी देवाशी अबोला धरून काढलं. दिवा रोज लावत होते, पण सांज झाली की लाइटचं बटण दाबावं तितक्याच ओढीने. किन्हवलीच्या पुढे फाट्यावरून आत आमचं गाव, आणि गावाच्या वेशीवर गावदेवीचं छोटं देऊळ. लग्न होऊन आले तेव्हापासून त्या देवळावरून जाताना हात आपोआप जोडले जायचे. मालकांच्या आजारपणात मी तिथे काय काय बोलले होते ते तिला आणि मला ठाऊक. तिने ऐकलं नाही. मग मीही मान वळवून जायला लागले. घरात बोलायला कोणी नाही आणि देवाशीही भांडण, त्यामुळे कधी कधी दिवसच्या दिवस तोंडातून शब्द फुटायचा नाही. मग कोंबड्यांना मोठ्याने हाका मारायच्या आणि आपला आवाज शाबूत आहे एवढी खात्री करून घ्यायची.

आमचे मालक पंप दुरुस्त करायचे. पाण्याच्या मोटारी, फवारणीचे पंप, भात झोडायची मशीन, जे येईल ते. त्यांची हत्यारं आयुष्यभर गोणपाटात राहिली, ओटीवरच्या कोपऱ्यात. खंडेनवमीला मात्र त्या हत्यारांचा थाट असायचा. आदल्या दिवशी रॉकेलने पुसून काढलेले पाने, पकडी, हातोड्या पाटावर मांडायच्या, झेंडूची फुलं वाहायची, नारळ फोडायचा. त्या दिवशी हत्याराला काम लावायचं नाही, मग दारात कोणाची मोटार जळून आलेली असो. मी नैवेद्याचं ताट आणून ठेवायची, पूजा ते करायचे. आणि दर वर्षी हात जोडून झाले की म्हणायचे, "पुढच्या नवमीला तुमी पेटीत." ही पेटी म्हणजे शहापूरच्या एका दुकानात उभी असलेली लाल रंगाची, कमरेएवढी लोखंडी पेटी, खालपासून वरपर्यंत कप्पेच कप्पे. बाजाराला गेलो की ते तिथे थांबायचेच. एकेक कप्पा बाहेर ओढायचे, काढून हातात घ्यायचे, परत बसवायचे आणि हात पुसून निघायचे. दुकानदार वैतागायचा आणि मी बाहेर पिशव्या घेऊन उभी राहून त्याच्यापेक्षा जास्त वैतागायची.

त्यांच्यानंतरची पहिली नवमी सुतकाच्या वर्षात गेली. गोणपाट कोणी उघडलंच नाही. पावसाळ्यानंतर मी हात घातला तर पान्यांवर गंज चढलेला. माझा मुलगा कल्याणला असतो. तो वाईट नाही, उलट काळजी करून करून त्याचे केस पांढरे व्हायला लागलेत. त्याचं म्हणणं एवढंच, की आई, हे लोखंड भंगारात दे, घराला कुलूप घाल आणि आमच्याकडे चल. दसऱ्याला तो न्यायला येणार होता. मला जायचं नव्हतं, पण का राहायचं तेही सांगता येत नव्हतं. रिकाम्या घरात कोंबड्यांशी बोलत बसायला राहते, असं मुलाला कसं सांगणार? त्या घालमेलीतच एका सकाळी मी गावदेवीच्या दारात थांबले. हात जोडले नाहीत. उभ्या उभ्याच म्हटलं, "बाई, मी ती पेटी आणायला जातेय. नवमीच्या पूजेला ती घरात पोचली तर मी इथेच राहीन. नाही पोचली तर समजेन, की तुलाही मी इथे नको आहे."

आता एवढी मोठी पैज लावणाऱ्या बाईने निदान दिवस तरी नीट बघावा. पण दर वर्षी नवीन कॅलेंडर आणायचे ते मालक, आणि त्या वर्षी भिंतीवरचा खिळा मोकळाच राहिला होता. मी घटस्थापनेपासून बोटांवर मोजत होते. माझ्या हिशोबाने तो दिवस अष्टमीचा, पूजा उद्या. शहापूरच्या दुकानात शिरले तर दुकानदार वजनकाट्याला झेंडूचा हार घालत होता. गेल्या वर्षीच्या भाताच्या पैशातून पेटी घेतली, त्याने तिच्यावरही एक फूल ठेवलं आणि म्हणाला, "मावशी, अष्टमी सकाळीच संपली. खंडेनवमी आजच." अष्टमी-नवमी एकाच दिवसात आल्या होत्या. बोटांना तिथी कळत नाही. त्याचा टेम्पो दुकानासमोर धुऊन, हार घालून उभा होता. ड्रायव्हर पायरीवर बसून चहा पीत होता. "आज गाडीला आराम," तो म्हणाला. आमच्याच घरात आयुष्यभर पाळलेला नियम तो.

दुकानदाराला माझी दया आली असावी. त्याने मुरबाडला नवरात्राच्या मंडळाचे स्पीकर घेऊन निघालेला एक टेम्पो थांबवला. देवीचंच काम म्हणून ती गाडी चालू होती. चार माणसांनी पेटी चढवली. सापगावचा पूल, पिवळी पडायला लागलेली भातं, किन्हवली, सगळं मागे गेलं आणि आमच्या फाट्यावर त्यांनी पेटी उतरवली. "आत यायला टाइम नाय मावशी, आरती खोळंबलीय," म्हणत ते गेले. फाट्यापासून गाव आत, रस्ता चढाचा. ऊन कलायला लागलेलं. मी पेटीला धक्का देऊन पाहिला. खाली चाकं होती, पण ती दुकानातल्या लादीसाठी. खडीच्या रस्त्यावर ती जागची हलली नाहीत.

गावात शेजाऱ्यांना फोन लावला. त्यांच्या पिकअपची पूजा होऊन गेली होती. "काकू, उद्या सकाळी पैल्यांदा तुमचंच काम," ते म्हणाले. उद्या म्हणजे दसरा. नवमी गेल्यावर पेटी घरी येऊन काय उपयोग, आणि रात्रभर ती फाट्यावर टाकून तरी कशी जाऊ? मुलाला फोन करावासा वाटला, पण तो काय म्हणेल ते मला पाठ होतं. मी पेटीवर बसले. रस्त्याने दोन-चार मोटारसायकली गेल्या, हार घातलेल्या, मागे बायका-मुलं नवीन कपड्यांत. प्रत्येकाला घरी वाट बघणारं कोणीतरी होतं. आपल्याला उशीर झाला हे जगात कोणाच्याही लक्षात येणार नाही, ही गोष्ट त्या फाट्यावर मला पहिल्यांदा इतकी स्वच्छ कळली. मालक गेले तेव्हाही मी अशी रडले नव्हते. पदरात तोंड घालून रडले आणि मग गावदेवीला म्हटलं, "जिंकलीस. जाते मी कल्याणला. आता तुला काय करायचं ते कर, माझ्याच्याने नाही उचलत." ते मी पैजेत हरलेल्या माणसाच्या रागाने म्हटलं होतं. पण म्हणून झाल्यावर मला एकदम हलकं वाटलं, एवढं खरं.

किन्हवलीच्या बाजूने बैलगाडी आली. आमच्याकडे आता बैलगाडी बघायला मिळणं मुश्किल, म्हणून मी आधी तिच्याकडे नुसतीच बघत राहिले. गाडीवर एक म्हातारे गृहस्थ, डोक्याला टॉवेल, आणि बैलांपैकी एकाचं शिंग वाकडं. गाडी रिकामी होती. त्यांनी कासरा ओढला.

"काय गो बाय, पेटीची राखण करतेस काय?"

मी सगळं सांगितलं. आणि वर म्हटलं, "पण बाबा, आज कोण गाडी जुंपीत नाय."

"आज लोखंडाचा सण. माज्या बैलांचा पोळ्याला झाला," ते म्हणाले. "त्यांना कसली आली सुट्टी?"

ते उतरले. आम्ही दोघांनी मिळून पेटी उचलायला घेतली. तसूभरही वर आली नाही. मी म्हटलं, राहू द्या बाबा, तुमची कंबर जायची. त्यांनी टॉवेलने तोंड पुसलं, पेटीकडे पाहिलं आणि साधंच विचारलं, "अख्खी कशाला उचलतेस? कप्पे निघत नाय काय त्याचे?"

कप्पे निघतात हे माझ्याइतकं कोणाला माहीत होतं? कितीतरी बाजार मी दुकानाच्या दारातून तेच तर पाहिलं होतं. मालक कप्पा पूर्ण बाहेर ओढायचे, कडेच्या दोन पट्ट्या अंगठ्यांनी दाबायचे आणि कप्पा अलगद हातात यायचा. मी वरचा कप्पा ओढला, पट्ट्या दाबल्या आणि तो माझ्या हातात आला. त्या क्षणी मला फाट्यावर एकटं वाटलं नाही. याहून जास्त मला सांगता येत नाही आणि कोणी खोदून विचारलं तरी सांगणार नाही. एकेक कप्पा मी गाडीत नेऊन ठेवला. मग राहिलेला सांगाडा आम्ही दोघांनी उचलला, धापा टाकत, पण उचलला.

गावदेवीच्या देवळापाशी बैल आपसूक थांबले. चढ संपतो तिथे, दम घ्यायला थांबले असतील. मी देवळाकडे पाहिलं, पण हात अजून जोडवेनात.

घरी पोचलो तेव्हा ऊन ओटीवरून उतरलं नव्हतं. पेटी मालकांच्या कोपऱ्यात लागली, कप्पे बसले. मी गोणपाट सोडलं, हत्यारं पुसली, मांडली. फुलं दारातलीच होती. आणि मग माझे हात थांबले. पूजा करायची कोणी? विधवा बाईने हळद-कुंकवाला हात लावायचा नाही, ही आमच्याकडची रीत मी वर्षभर मुकाट पाळली होती. मी म्हटलं, "बाबा, तुमी लावता काय कुंकू?"

"मी कशाला?" ते पायरीवर बसूनच म्हणाले. "ती हत्यारं मला ओळखत नाय. तुला ओळखतात. लाव तू."

मी लावलं. प्रत्येक पान्याला, हातोडीला, शेवटी पेटीला. नारळ फोडला. म्हाताऱ्यांनी हात जोडले, खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकला, बैलांना पाणी दाखवलं आणि दिवेलागणीच्या आत निघून गेले. नाव विचारायचं माझ्या लक्षातच राहिलं नाही. पुढे मी किन्हवलीच्या बाजारात वाकड्या शिंगाच्या बैलाची चौकशी केली. कोणी म्हणालं मुरबाडकडचे असतील, कोणी म्हणालं अशी गाडी इकडे नाहीच. मी मग विचारणं सोडलं. जिने पाठवलं तिला पत्ता ठाऊक आहे.

दसऱ्याला मुलगा आला. आपट्याची पानं माझ्या हातात देऊन पाया पडला आणि वर बघतो तो कोपऱ्यात लाल पेटी, कपाळभर कुंकू लावलेली. त्याने ती सरकवून पाहिली. हलली नाही. लहानपणी वडिलांबरोबर दुकानात त्यानेही तिचे कप्पे ओढले होते.

"आई, ही तू एकटीने आणलीस कशी?"

"कप्पे काढून," मी म्हणाले.

त्याने वरचा कप्पा उघडून वडिलांचा मोठा पाना हातात घेतला, परत ठेवला आणि त्याच्याशेजारी आपट्याचं एक पान ठेवलं. माझी पिशवी भरायला त्याने सांगितलं नाही. निघताना एवढंच म्हणाला, "पुढच्या नवमीला मी सुट्टी घेतो."

त्याची एसटी गेल्यावर मी गावदेवीला गेले. वर्षभर मी उरलेलं सगळं आयुष्य एका दमात उचलायला बघत होते आणि उचलत नाही म्हणून तिच्यावर रागावत होते. आता एका दिवसाचा एक कप्पा मी उचलते. बाकीचा सांगाडा तिच्याकडे. त्या संध्याकाळी देवळात कोणी नव्हतं. मी तिच्या पायाशी सोनं ठेवलं, हात जोडले आणि म्हटलं, "राहतेय गो मी."