बिनपगारी उस्तानी

माझी नात पुण्याला कॉलेजात शिकते. परवा घरी आली ती उड्या मारतच. म्हणाली, "आजी, मला इंटर्नशिप लागली! पगार नाही, पण काम आवडलं तर नंतर घेतील."

मी म्हटलं, "अगं, मग उमेदवारी लागली म्हण की."

तिला वाटलं मी निवडणुकीचं बोलतेय. तिला समजावून सांगायला बसले आणि सांगता सांगता अशा जागी येऊन अडकले की पुढचं तोंडातून निघेना. ते इथं लिहिते. कागद निदान तोंडावर हसत नाही.

निजामाच्या राज्यात कचेरीत चिकटायचं तर आधी उमेदवारी करावी लागे. पोरगा रोज जाऊन बसायचा, कारकुनाचे कागद उतरून द्यायचा, त्याचं पान-पाणी बघायचा, आणि जागा रिकामी होईतो फुकट राबायचा. परभणीला आमच्या मुलींच्या शाळेत हा रिवाज बडी उस्तानींनी आणला. त्या शाळेच्या मुख्य, हैदराबादच्या; शिक्षिकेला तेव्हा उस्तानी म्हणत. सातव्या जमातीतल्या, म्हणजे इयत्तेतल्या, मुलींनी दुपारी पहिलीच्या पोरींना शिकवायचं. हैदराबादहून तपासणीला बाई येतील, त्यांच्यासमोर जिचा सबक, म्हणजे पाठ, चांगला होईल तिला खेड्यातल्या नव्या शाळेवर नेमणूक.

त्या वर्षी नवी शाळा निघणार होती राणीसावरगावात, आणि राणीसावरगाव हे माझं सासर. लग्न कधीच झालेलं, नांदायला जायचं तेवढं राहिलेलं. तोवर मी परभणीत मावशीकडे राहून शिकत होते. सासरी रान होतं, मेंढरं होती. नांदायला जायचं ते उस्तानी होऊन की मेंढरांमागं काठी घेऊन, एवढा सगळा प्रश्न त्या एका सबकावर येऊन बसला होता.

उमेदवार आम्ही दोघी. दुसरी पूर्ण्याची, रेल्वेतल्या माणसाची मुलगी. तिचा आवाज इतका बारीक की पहिल्या ओळीच्या पुढं जात नसे. आणि मी? माझा आवाज रस्त्यावरच्या टांगेवाल्याला ऐकू जाई, आणि त्याचा मला कोण गर्व! मावशीच्या चपला पायांत घालून, हातात पट्टी धरून मी वर्गात शिरायची ती "खामोश!" असं बडी उस्तानींच्या सुरात ओरडूनच. चपला मोठ्या, त्यामुळं चालताना फटक फटक वाजायच्या. मला वाटे, काय रुबाब! मावशी म्हणायची, "कुठं निघाली गं बाई, ठेसनावरल्या सायबावानी?"

शिकवायची माझी एकच रीत होती. "मी करीन तसं करायचं." मी हात वर केला की पोरींचे हात वर. मी बसले की पोरी बसायच्या. मी शिंकले तरी दोघी-तिघी शिंकायच्या. याला मी शिस्त समजत होते.

तपासणीचा दिवस आला. माझा सबक गाईवर होता. तपासणीच्या बाई खुर्चीत बसल्या. शेजारी बडी उस्तानी. मी पट्टी आपटली आणि विचारलं, "गाय आपल्याला काय देते?"

"दूध!" पोरी ओरडल्या.

"आणखी काय देते?"

तेवढ्यात मागच्या दारातून मावशीचे यजमान आत आले. कौतुक करायला निघाले होते बिचारे. त्यांच्यामागून एक भलामोठा लाल पटका वाकून दारातून आत आला. माझे मामंजी! सूनबाईचं काम बघायला त्यांना मुद्दाम गावाहून बोलावून आणलं होतं. दोघं मागच्या भिंतीला टेकून ऐसपैस बसले.

आता आमच्यात सासऱ्यापुढं सुनेनं तोंड दाखवायचं नाही, आवाज काढायचा नाही, पायांत चप्पल ठेवायची नाही. हे मला कुणी त्या वेळी आठवून दिलं नाही. माझ्या हातापायांनीच ते केलं. पदर नाकाखाली आला. चपला पायांतून हातात आल्या. आणि मी फळ्याशेजारच्या कोपऱ्यात भिंतीकडं तोंड करून उभी राहिले. गाय राहिली तिथंच.

मागं खुसखुस झाली, मग धडपड झाली. पदराच्या फटीतून बघते तर सगळा वर्ग उठून भिंतीकडं तोंड करून उभा! कुणी ओढणी तोंडावर घेतलेली, कुणी परकराचा घोळ उचलून नाकापर्यंत आणलेला. ज्या एक-दोघींच्या पायांत चपला होत्या त्यांनी त्या हातात धरलेल्या. तपासणीच्या बाईंकडं सगळ्या वर्गाची पाठ.

"ये क्या तमाशा है?" बाईंनी विचारलं.

मी शेजारच्या चिमुरडीच्या कानात पुटपुटले. वडीलधाऱ्यांपुढं आम्ही असंच बोलायचो, दुसऱ्याच्या तोंडून. ती पोरगी खणखणीत आवाजात म्हणाली, "बाई म्हनत्यात, मामंजी बसलेत!"

"कौन मामंजी?"

मामंजी भिंतीपासून उठले. हात जोडून म्हणाले, "मी हाय जी. पोरगी लाजायलीय. मी जातो भायेर."

त्या बाईंना मराठी चांगलं येत होतं. त्या म्हणाल्या, "तुम्ही बाहेर जाल. पण शाळा तुमच्याच गावात निघतेय. तिथं हिचे चुलत सासरे असतील, दीर असतील. शाळेपुढून कुणी गेलं की ही कोपरा धरणार? किती जणांना गावाबाहेर घालवू मी?"

मामंजींनी पटका सारखा केला. मग जे बोलले ते त्या काळात मी कुठल्या सासऱ्याच्या तोंडून ऐकलं नव्हतं. म्हणाले, "घरात सून. शाळंत मास्तरीण. माझी ना न्हाई." आणि परत खाली बसले. माझ्याकडं न बघता म्हणाले, "बोल, पोरी. मी हितं न्हाईच आसं समज."

बडी उस्तानी हळूच म्हणाल्या, "बोलो बेटा. एकच वाक्य."

एकच वाक्य! गाय शेण देते, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. परवानगी सासऱ्यानं दिलेली, संधी बाईंनी दिलेली, अडवणारं कुणी उरलेलं नव्हतं. मी तोंड उघडलं. टांगेवाल्याला ऐकू जाणारा तो माझा आवाज कुठं गेला देव जाणे. पोरी ओढणीआडून माझ्याकडं बघत होत्या, पुढं काय करायचं ते कळावं म्हणून.

बाईंनी वाट बघितली. चांगली वाट बघितली. मग म्हणाल्या, "दुसरी लडकी को बुलाओ."

पूर्ण्याची मुलगी आली. मामंजी तिचे कुणी नव्हते, पण वर्गात इतकी माणसं बघून तीही आधी दारातच थबकली. तिनं पोरींना आधी खाली बसवलं, जवळ बोलावून घेतलं, आणि त्या बारीक आवाजात गाय पुरी केली. आवाज बारीक म्हणून पोरी आणखी पुढं सरकून ऐकत होत्या. नेमणूक तिला मिळाली.

घरी परतल्यावर मामंजी मावशीला म्हणाले, "नोकरी ऱ्हाऊ द्या हो. एवढ्या मानसांत सुनंनं मान राखला, लय झालं." मावशी फुलून गेली. मी स्वैपाकघरात दाराआड उभी होते. ते कौतुक ऐकून मला आधी बरं वाटलं. खरंच बरं वाटलं! आणि मग कान असे तापले की विचारू नका.

पुढं मी नांदायला गेले. मेंढरांची वाट शाळेवरून होती. पूर्ण्याची ती मुलगी आता गावाची बाई झाली होती. मामंजी तिला वाटेत भेटले की "राम राम, बाई" म्हणायचे आणि ती न लाजता उत्तर द्यायची. पहिल्या पावसाळ्यात तिनं मला हाक मारली. "दुपारच्याला लहान पोरी घेतीस का? मला एकटीला झेपंना झालंय. वरून काही मिळणार न्हाई, हे आधीच सांगते."

मामंजींची ना नव्हतीच. मी परत उमेदवार झाले.

मामंजी त्या वेळेला शाळेवरून जायचं टाळायचे. ओढ्याच्या अंगानं लांबचा फेरा घ्यायचे. एखाद्या दिवशी नाइलाजानं इकडून यावं लागलंच तर लांबूनच खाकरायचे, म्हणजे मला सावध होता यावं. ते खाकरणं कानावर आलं की माझं वाक्य अर्ध्यात तुटायचं, पदर पुढं यायचा. त्यांची काठी टेकत टेकत लांब गेली की मी उरलेलं वाक्य बोलायची. पोरींना त्याची सवय झाली होती. त्या गप बसून राहायच्या, आणि बाहेर सामसूम झाली की त्यांतलीच एक मला सांगायची, "गेले, बाई. बोला आता."