कुलपाआडचं बटण

घरची माणसं मला बाहेरून कुलूप लावून कामाला जातात. यात जाच कुणाचा नाही. मागच्या हिवाळ्यात गॅस तपासायला आलोय म्हणणाऱ्या दोघांना मी आत घेतलं. मी चहा करेपर्यंत ते सुनेचं घड्याळ आणि न्हाणीतल्या दोन तोट्या घेऊन गेले. तेव्हापासून जिन्याच्या जाळीला कुलूप आणि मुलाच्या खोलीलाही कुलूप. मुलगा इथं लखनौला संशोधन संस्थेत आहे, सून शाळेत शिकवते. इंदिरा नगरातल्या या वरच्या मजल्यावर सकाळी आठ ते संध्याकाळी पाच मी एकटी. गुडघे असे की कुलूप नसतं तरी जिना उतरले नसते. पण उतरता न येणं वेगळं आणि उतरू न देणं वेगळं.

माझी धाकटी बहीण मिरजेला अंथरुणाला खिळलेली आहे. अर्धांगवायूनं उजवी बाजू गेली, वाचा गेली. तिच्याशी फोनवर नुसतं बोलून भागत नाही. रोज चार वाजता तिची सून फोन तिच्या तोंडासमोर धरते आणि मी टॅबमधून तिला दिसते. मी बडबडते, ती बघते, आणि बघता बघता चार चमचे पेज घेते. मी दिसले नाही तर तोंड उघडत नाही. यात प्रेम किती आणि हट्ट किती, मला सांगता येणार नाही. लहानपणीही मी शेजारी बसल्याशिवाय ती जेवायची नाही, आणि मला खेळायला जायचं असायचं.

टॅबमध्ये सिम नाही, तो घरच्या नेटवर चालतो. नेटचा डबा मुलाच्या खोलीत. तिथून नेट माझ्या मागच्या खोलीपर्यंत पोचत नाही म्हणून मधल्या बोळात प्लगला एक छोटी डबी लावली आहे. ती डब्याकडून घेते आणि मला देते. सोमवारी जुना डबा काढून नवा बसवला. मुलानं नवा पासवर्ड माझ्या टॅबमध्ये घातला, पण डबीचं राहिलं. डबीचा दिवा लाल झाला तो लालच.

"आई, संध्याकाळी बघतो," मुलगा म्हणाला. तीन संध्याकाळी गेल्या. संध्याकाळी मला त्याचा उपयोगही नव्हता, तोवर बहीण गोळीनं झोपलेली असते.

गुरुवारी सकाळी माझ्या बटणाच्या फोनवर तिच्या सुनेचा फोन आला. "मावशी, तीन दिवस नुसतं पाणी घेताहेत. आज नाही खाल्लं तर उद्या नाकातून नळी घालायची म्हणतात डॉक्टर. आज चारला तेवढ्या दिसा हो."

मुलाला फोन केला. "आई, मीटिंगमध्ये आहे." सुनेचा फोन शाळेत बंद असतो. नातीला लावला. ती कोचिंगला असते. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीतच येतं.

"आजी, आसान है। डिब्बी के छेद में पिन डालो, दस तक गिनो। बत्ती टिमटिमाए तो डिब्बी का बटन दबाओ। फिर दो मिनट के अंदर पापा वाले बॉक्स का बटन। बस।"

"पप्पाच्या खोलीला कुलूप आहे."

"अरे यार!"

"यार कुणाला म्हणतेस?"

"सॉरी, सॉरी। तो फिर नहीं होगा, आजी। शाम को मैं आके कर दूँगी।"

"संध्याकाळ मला नको," म्हणाले आणि फोन ठेवला.

मुलाच्या खोलीची खिडकी गॅलरीत उघडते. कूलरची हवा खेळती राहावी म्हणून ती उघडीच ठेवतात. गज आहेत, पण हात आत जातो. डबा समोरच्या भिंतीवर. माझ्याकडे उंच दांडीवर लुगडी वाळत घालायची काठी आहे. शेजारची बाई त्या काठीला हसते, तिच्याकडे दोरीवर खालूनच कपडे टाकतात. काठी गजातून आत घातली. हात लांब केला तर टोक डब्याला टेकत होतं. काठी तशीच गजात अडकवून ठेवली, म्हणजे ऐन वेळी शोधायला नको.

साडेतीनला बांगडीतली पिन काढली. बोळात जाऊन डबीच्या भोकात घातली, दहा अंक मोजले. दिवा मिचमिचला. बटण दाबलं आणि निघाले. वेळ बघायला टॅब काखेत. बोळ, स्वयंपाकघर, बैठक, गॅलरी. भिंत धरून चालले. काठी उचलली तर टोक थरथरायला लागलं. नेम चुकला, भलतंच बटण दाबलं गेलं आणि डब्याचे सगळे दिवे विझले.

आता संपलं, असं वाटलं. तेच बटण पुन्हा दाबलं. बऱ्याच वेळानं दिवे आले. परत बोळ, परत डबी, परत गॅलरी. या वेळी बटण बरोबर दाबलं, पण दोन मिनिटं उलटून गेली होती. डबी बघायला पुन्हा आत जायची ताकद राहिली नव्हती. मे महिन्यातलं चारचं ऊन, गॅलरी पश्चिमेची, वारा अंग भाजणारा. खिडकीखाली पाट होता, त्यावर बसले. काठी गजात तशीच लोंबत होती. मला रडू आलं नाही, राग आला.

आणि काखेतला टॅब वाजला.

मिरजेहून होता. मला आधी कळेना, डबी तर लाल, मग हा वाजतो कसा? मग डोक्यात उजेड पडला. डबा खिडकीपलीकडे दहा फुटांवर, मी खिडकीला टेकलेली. डबी लागतेच कशाला? सोमवारपासून मुलगा, सून, नात आणि मीसुद्धा, सगळे नेट माझ्या खोलीत कसं आणायचं याच्याच मागे. म्हातारी उठून नेटजवळ जाईल, हे कुणाच्या मनात आलं नाही. माझ्याही नाही. माझी जागा मागची खोली, हे मीही धरूनच चालले होते.

टॅबवरचं बटण दाबलं. बहिणीनं भिंतीकडून तोंड वळवलं. माझ्या तोंडावर घाम, केस सुटलेले, मागे गज.

"काय बघतेस?" मी म्हणाले. "ऊन खातेय. तू पेज खा."

तिनं बराच वेळ बघितलं. मग तोंड उघडलं. चार नाही, सहा चमचे घेतले. पाट तापला होता, पण सहावा चमचा होईस्तोवर मी हलले नाही.

संध्याकाळी मुलानं पाच मिनिटांत डबी जोडली. काठी बघून सून म्हणाली, "आई, टीव्हीला लागली असती म्हणजे?" मी म्हणाले, "लागली नाही."

दुसऱ्या दिवशी ती खिडकी आतून बंद होती. डबी हिरवी होती. चार वाजता मी माझ्या खोलीत बसून बहिणीला चार चमचे पेज घेताना पाहिलं, आणि पाचला जाळीचं कुलूप उघडल्याचा आवाज आला.