गॅलरीतून सोडलेली नळी

नव्वदीच्या सुरुवातीला पनवेलच्या आमच्या इमारतीत पाणी दिवसाआड यायचं. गच्चीवरच्या, घरोघरच्या पाण्याच्या व्हॉल्व्हची चावी माझ्याकडे होती, कारण ते काम दुसरं कोणी घेईना. नियमही माझाच: ज्याच्या घरचं पाणी वाया जाताना दिसेल, त्याचा व्हॉल्व्ह एक दिवस बंद. तळमजल्यावरच्या काकूंचा मी एकदा केलाही होता.

अशा इमारतीत ह्यांनी माशांसाठी पाच फुटी काचेची टाकी आणली. फिल्टर कोणता घ्यायचा यावर आमचं वाजलं. ह्यांना टाकीबाहेर ठेवायचा, मोटरवाला डबा हवा होता. मी म्हटलं, दुपारी वीज जाते, मग त्या डब्यात घाण कुजत बसेल. शेवटी माझ्या म्हणण्यानं खडीखाली घालायची प्लॅस्टिकची जाळी आली. हवेचा छोटा पंप लावला की पाणी खडीतून खाली ओढलं जातं आणि घाण तिथेच अडकते.

पण माझं डोकं स्वयंपाकघरातलं. शिळं पाणी ओतायचं, हंडा घासायचा, ताजं भरायचं, तेच मी माशांना लावलं. दर रविवारी टाकी रिकामी करायची, खडी कढत पाण्यानं धुवायची. आमच्या वाट्याचं पाणी आहे, कसंही वापरू, अशी मनाची समजूत घातली होती. तरी दोन दिवसांत पाणी गढूळ व्हायचं आणि एखादा मासा उलटा तरंगायचा. मी जाळीला नावं ठेवायचे.

त्या उन्हाळ्यात एका रविवारी नळ कोरडा होता म्हणून टँकर मागवला. खाली हंड्यांची रांग लागली. मी रांग सांभाळत होते. तेवढ्यात काकू म्हणाल्या, "मागचं गटार बघ जरा. नदी चाललीय."

मी तावातावानं मागे गेले. चार-पाच बायका माझ्या मागोमाग. गटारात हिरवी नळी लोंबत होती. नजरेनं ती धरत मी वर पाहिलं. दुसरा मजला, आमची गॅलरी. ह्यांनी रविवारचं काम वेळेवर सुरू केलं होतं.

"माशांची आंघोळ वाटतं," कोणीतरी म्हणालं. काकूंनी कमरेवरची कळशी सावरली. "मग बाई, आता कोणाचा व्हॉल्व्ह बंद करायचा?"

मी गच्चीवर जाऊन आमचा बंद केला. खाली येताना एकीच्याही तोंडाकडे बघवलं नाही. टँकरच्या रांगेतही मी उभी राहिले नाही. संध्याकाळी काकूंनी स्वतः जिना चढून भरलेली कळशी दारात ठेवली. "पोरांना प्यायला," म्हणाल्या आणि गुडघे धरत उतरल्या. त्या टोमण्यापेक्षा ती कळशी मला जास्त लागली.

दुसऱ्या दिवशी मी माशांच्या दुकानात गेले आणि नवा फिल्टर मागितला. दुकानदारानं सगळं ऐकून घेतलं. "ताई, फिल्टर म्हणजे नुसती गाळणी नव्हे. खडीत बारीक जंतू वाढतात, ते घाण पचवतात. तुम्ही दर रविवारी त्यांनाच मारताय." आमची टाकी मोठी आणि वीज बेभरवशाची, म्हणून त्यानं स्पंजचे दोन फिल्टर सुचवले. एका वेळी एकच पिळायचा, तोही टाकीतून काढलेल्या पाण्यात. पाणी थोडंच बदलायचं, सगळं कधीच नाही. मी ते घेतले. महिन्याभरात पाणी नितळ झालं.

दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नसतं. काकूंच्या कळशीत नारळ घातला. दुसऱ्या हातात टाकीतून काढलेल्या पाण्याची बादली घेतली आणि सगळ्यांच्या दारांवरून जिना उतरले.

"हे काय?" काकूंनी बादलीत डोकावून विचारलं.

"तुमच्या मोगऱ्याला. झाडांना चांगलं असतं."

"वास येतोय गं." त्यांनी बादली कुंड्यांकडे सरकवली. "व्हॉल्व्हची चावी आणलीस का?"

मी पदराची गाठ सोडून चावी त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी ती दाराआडच्या खिळ्याला अडकवली आणि नारळ घेऊन आत गेल्या.