ओली आणि ओळी

आमच्याकडच्या पोरांच्या जिभेला ‘ळ’ काही वळत नाही. शाळेची शाया होते, डोळ्याचा डोया. मी कारखान्याच्या कॉलनीतल्या मराठी शाळेवर बाई होते आणि ‘ळ’ घोकून घेता घेता माझा घसा बसायचा. घरी आमचे हे हसायचे. ‘‘एका अक्षरापायी काऊन जीव घेऊन राह्यली वं लेकराइचा?’’ त्यांना म्हणायला काय जातंय.

कारखाना सरकारी, तलमडुगू गावाच्या अलीकडच्या माळावर. यंत्रं रशियाची आणि ती बसवायला माणसंही तिकडचीच. ती नेहमी जोडीनं हिंडत. आमच्या वाट्याला आलेल्या जोडीतला एक उंच, बोलका, उन्हानं नाक सोललेला इंजिनीअर. दुसरा ठेंगणा. तो नेमकं काय काम करतो हे कुणालाच सांगता येत नव्हतं. साहेब जाईल तिथं हा मागं. सासूबाई म्हणाल्या, ‘‘हे तं त्याच्या गयातलं लोढणं हाय.’’ तेव्हापासून आमच्या घरी त्याचं नाव लोढणंच पडलं.

कारखान्याच्या नव्या भट्टीच्या आत विटा लावणारी टोळी सगळी मराठी माणसांची, आणि हे त्यांचे मुकादम. साहेबाला त्यांच्याशी दुभाष्यावाचून बोलायचं होतं, म्हणून तो संध्याकाळी आमच्या ओसरीवर मराठी शिकायला येऊ लागला. लोढणं दाराशी बसून शेंगा खायचं आणि बकरीकडं बघत राहायचं. साहेब हुशार होता, पण ‘ळ’ आला की त्याचा ‘ल’ व्हायचा.

मग हैद्राबादहून निरोप आला. सोमवारी मंत्री येणार, त्यांच्या हातानं भट्टी पेटणार. विटांमधला मसाला अजून वाळलाच नव्हता. आत वाफ कोंडली तर विटा गोळीसारख्या सुटतात, असं हे मला जेवताना सांगत होते. भट्टीच्या तोंडाशी उभं राहायचं होतं ह्यांनाच.

त्या संध्याकाळी साहेबानं वाळत घातलेल्या टॉवेलला हात लावून शब्द विचारला. मी म्हटलं, ‘‘ओला. भट्टी असेल तर ओली.’’ त्यानं तो शब्द दोनदा म्हटला. मग मोडक्या मराठीत सांगू लागला.

‘‘माझा बाप. मोठी भट्टी, लोखंड. मॉस्कोहून तारीख आली. बाप बोलला, भट्टी ओली, थांबा. तारीख नाही थांबली. भट्टी फुटली. माणसं मेली.’’

‘‘मग?’’

‘‘बाप बरोबर. म्हणून पोलिसांनी नेला.’’

मी पडले मास्तरीण. म्हटलं, साहेब, इथं ‘म्हणून’ नाही, ‘तरी’ म्हणा. बरोबर होता, तरी नेला. त्यानं मान हलवली.

‘‘म्हणून. सरकारची योजना, ती चूक नाही. मग चूक कोण? बोलला तो.’’

आता मला दोन्ही गोष्टी कळल्या होत्या. साहेब बोलला नाही तर सोमवारी माझा नवरा घरी येतो की नाही ठाऊक नाही, आणि बोलला तर साहेबाची गत त्याच्या बापासारखी. दाराशी लोढणं शेंगा सोलत होतं.

सोमवारी आम्ही बाया पोरांना झेंड्या देऊन मांडवाबाहेर उभ्या होतो. साहेब सरळ भट्टीकडं गेला आणि टोळीला मोठ्यानं म्हणाला, ‘‘भट्टी ओली. ओली. घरी जा.’’ टोळी खाली उतरली. ह्यांनी दुपट्टा खांद्यावर टाकला आणि अधिकाऱ्यांना सांगितलं, आमी नाही पेटवत. मंत्र्यांना कुठलासा पार्ट आला नाही म्हणून कळवलं आणि हार तसेच परत गेले.

संध्याकाळी लोढणं एकटंच आलं. दाराशी बसलं नाही. साहेबाच्या जागेवर येऊन बसलं आणि हिंदीत विचारलं, ‘‘ओली मतलब?’’

मी उत्तर तयारच ठेवलं होतं. म्हटलं, साहेबांना ‘ळ’ येत नाही. त्यांना ‘ओळी’ म्हणायचं होतं. मंत्री आले, ओळीत उभे राहा. पाटीवर ओळी आखूनही दाखवल्या. मनात म्हटलं, बाई, जन्मभराचा तुझा ‘ळ’ आज कामी आला.

त्यानं पाटी जवळ ओढली. मग मराठीत म्हणाला, ‘‘नाही बाई. ओळी नाही. ओली.’’

दोन्ही शब्द वेगळे आणि लख्ख. जीभ अशी उलटी टाळूला लावली होती की तसा ‘ळ’ माझ्या अख्ख्या शाळेत एका पोराला येत नव्हता. मी त्याला कधी काही शिकवलं नव्हतं. तो नुसता दाराशी बसून ऐकत होता. बापाची गोष्टही त्यानं ऐकली होती.

सकाळी जीप आली. साहेब मागं दोन परक्या माणसांच्या मधे बसला होता. शाळेवरून गेला तेव्हा त्यानं माझ्याकडं बघितलं नाही, आणि ते त्यानं माझ्यासाठी केलं हे मला तेव्हाच समजलं. भट्टी पुढं नीट वाळल्यावर पेटली. हे म्हातारे होऊन गेले, नातवंडं मांडीवर खेळवून. साहेबाचं काय झालं ते कुणी सांगितलं नाही, आणि आम्ही विचारणार कुणाला?

परवा धाकटा नातू पळत आला. ‘‘आजी, ऐक, मले आला.’’ आणि त्यानं स्वच्छ म्हटलं, ओळ. शाबास म्हणायच्या आधी माझी नजर दाराशी गेली.