पुसलेले आरसे

कुठेही बसायच्या आधी मामा बोट फिरवून बघायचे. खुर्ची, कठडा, बसची सीट, एकदा तर आमच्या साहेबांची बॅग. बोट डोळ्यांपाशी नेऊन म्हणायचे, "धूळ कोणाक सोडिना, बाय."

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. मामांची उभी हयात गोव्यातल्या डिचोलीच्या खाणीवर ट्रक धुण्यात गेली. खाण बंद पडली, ट्रक गेले, सवय तेवढी राहिली. मग ते पेडण्यात, केरीच्या वरच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळपठारावर, आमच्याकडे वॉचमन म्हणून आले.

आमचं काम सांगायला मोठं झोकदार. दूर अवकाशातली यानं लेझरच्या उजेडातून निरोप धाडणार आणि जमिनीवरचे मोठे आरसे तो उजेड झेलणार. इथे पोचेपर्यंत उजेड उरतो चिमूटभर. आरशावर धूळ बसली तर तोही वाया. म्हणून असं केंद्र उभारायची जागा पारखायला आम्ही सड्यावर सहा छोटे आरसे उघड्यावर मांडले. महिनाभर कुणी हात लावायचा नाही आणि शेवटी धूळ मोजायची. हे आम्ही वरपर्यंत सगळ्यांना समजावलं. वॉचमनला कशाला सांगायचं?

महिना संपला. आकडे बघून साहेब खुर्चीतून उठलेच. "अहो, कणसुद्धा नाही! अशी जागा शोधून मिळायची नाही." मीही अहवालात 'अत्यंत स्वच्छ हवा' असं ठोकून दिलं. खाली रस्त्याचं काम चालू होतं, माझी ओढणी रोज तांबडी व्हायची. पण यंत्रापुढे ओढणीला कोण विचारतं!

तेवढ्यात मामा चहा-पाव घेऊन आले. "धूळ आसतली कशी?" ते खुशीत म्हणाले. "हांव रोज सकाळीं पुसतां न्हय! म्हज्या जुन्या धोतराचो मऊ कपडो आसा."

मी कपाळावर हात मारला. आरसे कशासाठी मांडले होते ते सांगितलं, तसा मामांचा चेहरा उतरला.

साहेबांनी दार लोटून घेतलं. "झालं ते झालं. अहवाल जाऊ दे. केंद्र इथे झालं की मामा, तुमची नोकरी कायम. फक्त हे कुठे बोलू नका."

त्या वयात मामांना दुसरी नोकरी कोण देणार होतं? खरं सांगते, मी अहवालातलं ते वाक्य खोडलं नाही. मामांनी टेबलावरून बोट फिरवलं, निरखून बघितलं.

"आयज लपयलें तरी मागीर कळटलेंच, बाय. धूळ कोणाक सोडिना. परत मांडा."

मी अहवाल थांबवला आणि आम्ही आरसे परत मांडले. महिनाभर मामा आरशांसमोर बसून राहिले, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. आरसे तांबडे होत गेले आणि मला मामांकडे बघवेना. जागा नापास झाली. साहेब मामांशी बोलायचे बंद झाले.

शेवटच्या दिवशी आरसे खोक्यात भरायचे होते. मामांचाही कामावरचा तो शेवटचाच दिवस. खिशातून कपडा काढून ते माझ्यापुढे उभे राहिले.

"आतां पुसूं, बाय?"

मी मान डोलावली. मामांनी सहाही आरसे पुसले, शेवटच्यावर बोट फिरवून बघितलं आणि तो खोक्यात ठेवला.